खिद्रापूरचा कोपेश्वर, आणि माझ्या दोन चुका

शिवाजी पेठेतून मी बोलतोय. खिडकी बंद केलीय, तरी मागं कुठं ताशा वाजत असेल तर समजून घ्या. आमच्या पेठेत शांतता पाहिजे असेल तर पहाटे तीनला उठून रेकॉर्डिंग करावं लागतं, आणि तेवढी माझी भक्ती नाही.

आजचा भाग खरं तर दुरुस्तीचा आहे. मागं आपण जिल्ह्यातल्या जुन्या देवळांवर एक छोटा भाग केला होता. त्यात खिद्रापूरच्या कोपेश्वराबद्दल मी दोन वाक्यं बोललो, आणि दोन्ही चुकीची निघाली. पहिलं वाक्य, "हे हेमाडपंती मंदिर आहे." दुसरं, "सन ११३६ मध्ये यादव राजा सिंघण यानं त्याचा जीर्णोद्धार केला." दोन दिवसांनी एका निवृत्त सरांचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. शेवटचं वाक्य होतं, "पोरा, शके आणि इसवी सन यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचा खड्डा आहे, त्यात तू पडलास. आवाज मात्र बरा आहे तुझा."

लाज वाटली. मग पुढच्या रविवारी गाडी काढली आणि थेट खिद्रापूर गाठलं. त्या दिवशी काय बघितलं, आणि तिसरी एक गोष्ट जी चुकीपेक्षा जास्त टोचली, ती आज सांगतो.

आधी चुका निस्तरू. देवळाच्या दक्षिण दाराशी एक शिलालेख आहे. भाषा संस्कृत, लिपी देवनागरी. त्यात शके ११३६ असं साल आहे, आणि देवगिरीच्या सिंघण यादवानं कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी मिरजेकडच्या मुलखातलं कूडलदामवाड नावाचं गाव दान दिल्याची नोंद आहे. शक आणि इसवी सन यातला फरक ७८-७९ वर्षांचा. म्हणजे हा लेख साधारण इसवी सन १२१३-१४ चा. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी "११३६" हा आकडा तसाच उचलून इसवी सन म्हणून टाकलाय. मीही तेच केलं. पण एक सेकंद विचार केला असता तर कळलं असतं, की इसवी सन ११३६ मध्ये सिंघणाचा जन्मही झाला नव्हता. त्या वेळी आपल्या भागावर राज्य होतं कोल्हापूरच्या शिलाहारांचं.

आणि १२१३ हे साल किती बोलकं आहे बघा. त्याच्या जरासं आधी याच सिंघणानं शिलाहारांचा शेवटचा राजा, दुसरा भोज, याला हरवून पन्हाळा घेतला. हो, तोच भोज राजा, ज्याच्या नावावर आपल्याकडचे अर्धे किल्ले सांगितले जातात. म्हणजे नवा राजा आला, आणि त्यानं आल्या आल्या जुन्या राजाच्या मोठ्या देवळाला एक गाव देऊन टाकलं. भक्ती असेलच, नाही कशाला म्हणू? पण "आता इथला मालक मी" हे सांगायची ती पद्धत पण होती. पंचायत समितीत सत्ता बदलली की पहिल्यांदा बोर्ड बदलतो ना, तसं. फरक एवढाच, की सिंघणाचा बोर्ड आठशे वर्षं टिकला.

दुसरी चूक, हेमाडपंती. हेमाद्री पंडित, म्हणजे आपला हेमाडपंत, हा महादेव यादव आणि रामचंद्र यादव यांच्या पदरी होता. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. खिद्रापूरचं मुख्य काम बाराव्या शतकातलं, शिलाहार गंडरादित्य आणि त्याच्यानंतरच्या राजांच्या काळातलं मानतात. म्हणजे हेमाडपंत कामाला लागायच्या शंभर वर्षं आधी हे खांब उभे होते. आपल्याकडं काळा दगड दिसला, चुना दिसला नाही, की "हेमाडपंती" म्हणून मोकळं व्हायचं अशी सवय लागलीय. माझ्या आज्ज्याला कुठलाही वॉशिंग पावडर "निरमा"च होता, त्यातला प्रकार.

हे लेबल चिकटवण्याचं दुखणं फक्त आपलं नाही हं. युरोपात इसवी सन १००० ते १२०० च्या दरम्यान जी चर्च बांधली गेली, जाड भिंती, छोट्या खिडक्या, अर्धगोल कमानी, त्यांना आज "रोमनेस्क" म्हणतात. म्हणजे "रोमनांसारखी". बांधणाऱ्यांनी हा शब्द कधी ऐकलाही नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी तो चिकटवला, कारण त्यांना त्या गोल कमानी जुन्या रोमची आठवण करून देत होत्या. सुरुवातीला तर त्यात थोडी तुच्छता पण होती, बिघडलेली रोमन शैली अशा अर्थानं.

हे मी का सांगतोय? कारण सरांनी त्या व्हॉइस मेसेजमध्ये मला अजून एक काम दिलं होतं. "किलपेक नावाचं चर्च शोध, आणि मग खिद्रापूरला जा." मी शोधलं. इंग्लंडच्या पश्चिमेला हेरफर्डशर परगण्यात, वेल्सच्या सीमेला लागून किलपेक हे खेडं आहे. तिथं साधारण ११४० च्या सुमाराला बांधलेलं एक लहानसं चर्च आहे. तांबूस वालुकाश्माचं. एका ओळीत तीन भाग: लोकांनी उभं राहायचा मोठा भाग, मग पुजाऱ्यांचा जरा अरुंद भाग, आणि शेवटी अर्धगोल टोक, जिथं वेदी असते. ओळखीचं वाटतंय ना? सभामंडप, अंतराळ, गाभारा. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. पण देवाकडं टप्प्याटप्प्यानं, मोठ्याकडून लहानाकडं, उजेडाकडून अंधाराकडं जायचं, हे दोन्हीकडच्या कारागिरांना एकाच शतकात सुचत होतं.

किलपेकची खरी गंमत छपराखाली आहे. छताच्या कडेला बाहेरून सगळीकडं दगडी तोड्या आहेत, आज ८५ शिल्लक आहेत, आणि प्रत्येकीवर वेगळं काहीतरी कोरलंय. कुत्रा आणि ससा गळ्यात गळा घालून बसलेत. विचित्र तोंडं आहेत. काही कोरीव कामं इतकी उघडीवाघडी आहेत की चर्चच्या भिंतीवर ही कशी, असं वाटावं. आता खजुराहोवरून आपल्याला नाक मुरडणाऱ्या विलायती लोकांना हे दाखवायला पाहिजे, असा एक खट्याळ विचार माझ्या मनात आला, तो सोडून देऊ.

तर हे फोटो मोबाईलमध्ये घेऊन मी निघालो. कोल्हापूर, जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, आणि मग ऊसच ऊस. साठेक किलोमीटर. वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पाया पडलो, बासुंदी खाल्ली, पुढं सरकलो. खिद्रापूर लागतं ते अगदी टोकाला. कृष्णा गावाला वळसा घालून जाते, आणि पलीकडं कर्नाटक. रेंजसुद्धा मध्येच "वेलकम टू कर्नाटक" म्हणते.

देऊळ बाहेरून बघितलं तर पहिल्यांदा एवढं काही वाटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ठेंगणं, काळं, घरांच्या मध्ये बसलेलं. पूर्वेकडून आत शिरलात की पहिल्यांदा लागतो तो स्वर्गमंडप. आणि तिथं पाय थबकतो.

कल्पना करा. दगडी खांबांचं रान, एकूण ४८. मधोमध बारा खांब गोलात उभे. त्या बारा खांबांनी वर एक दगडी कडं उचलून धरलंय, आणि त्या कड्याच्या आत छत नाहीच. आभाळ. साधारण तेरा फूट व्यासाचा गोल, त्यातून सरळ आभाळ दिसतं. आणि बरोबर त्याच्या खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा, एकसंध. वर गोल आभाळ, खाली गोल दगड. कड्याच्या आतल्या अंगाला आठ दिशांचे दिक्पाल आपापल्या वाहनांवर, शिवाय गणपती, कार्तिकेय अशी मंडळी. शिळेवर उभं राहून मान वर केली की ते सगळे वाकून तुमच्याकडं बघतायत असं वाटतं.

खांबांजवळ जा आणि हात फिरवा. म्हणजे फिरवू नका, संरक्षित स्मारक आहे, १९५४ पासून, डोळ्यांनी फिरवा. खाली चौकोन, मग अष्टकोन, मग गोल, मग पातळ पातळ कडा, जणू लेथवर कातून काढल्यासारख्या. बेसॉल्ट हा कडक दगड. आपल्याच सह्याद्रीचा, ज्वालामुखीचा. वालुकाश्म छिन्नीला बऱ्यापैकी ऐकतो, बेसॉल्ट सहज ऐकत नाही. किलपेकच्या कारागिराला मऊ दगड मिळाला होता, खिद्रापूरच्या पाथरवटानं लोखंडासारख्या दगडात बांगडीसारख्या कडा काढल्यात. इथं मी थोडा पक्षपाती आहे, चालवून घ्या.

आता एक तांत्रिक गोष्ट, पण कंटाळू नका. युरोपातल्या त्या चर्चमध्ये छत तोलायला खरी कमान वापरतात. पाचरीसारखे दगड अर्धगोलात रचायचे, खाली लाकडी साचा लावायचा, शेवटचा मधला दगड ठोकून बसवला की साचा काढायचा. मग सगळे दगड एकमेकांना रेटून धरतात. पण हा रेटा बाजूलाही जातो, भिंतींना बाहेर ढकलतो. म्हणून रोमनेस्क चर्चच्या भिंती एवढ्या जाड आणि खिडक्या एवढ्या लहान. आपल्याकडच्या देवळांनी ती वाट घेतलीच नाही. खांबावर तुळई, तुळईवर तुळई, आणि छत करायचं तर दगडाची एक गोल रांग, तिच्यावर थोडी आत सरकलेली दुसरी, मग तिसरी. वजन सरळ खाली उतरतं. चुना लागत नाही, दगडाला दगड बसवायचा. म्हणून इथं भिंतीच नसल्या तरी चालतं, नुसत्या खांबांवर मंडप उघडा ठेवता येतो. आमच्या महाद्वार रोडला बिनखांबी गणेश आहे, तिथं खांब नाही याचं कौतुक. इथं खांबच खांब, त्याचं कौतुक. एकाच जिल्ह्याला दोन्ही टोकं लागतात.

अशा छतात रांगा आत आत सरकत जातात आणि शेवटी मधल्या भोकावर एक कमळाचा दगड बसवतात. खिद्रापूरला तो दगड बसवलेला नाही. का? गावात सांगतात, इथं यज्ञ व्हायचे, धूर जायला वाट ठेवली. काही जण म्हणतात काम अर्धवट राहिलं. मला दुसरं पटत नाही. कड्याची आतली कड नीट घडवून पूर्ण केलेली दिसते, आणि खाली बरोबर तेवढ्याच मापाची शिळा. अपुऱ्या छताच्या मापाची फरशी कोण घडवेल? आणि दगडाची गोल रांग स्वतःच्या गोलाईनंच घट्ट बसते, मध्ये टोपण नसलं तरी पडत नाही. रोममधल्या पँथिऑनला दोन हजार वर्षांच्या आसपास झाली, त्याच्याही डोक्यावर असंच मोठं भोक आहे.

कार्तिक पौर्णिमेला इथं गर्दी होते. त्रिपुरारीच्या रात्री चंद्र बरोबर त्या गोलाच्या वर येतो आणि चांदण्याचा गोल खालच्या शिळेवर पडतो. सोशल मीडियावर त्याला "रहस्य", "चमत्कार", "विज्ञान थक्क" असलं काय काय लिहितात. विज्ञान थक्क झालेलं नाही. विज्ञान सांगतं ते असं: खिद्रापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नोव्हेंबरच्या मध्यानंतर सूर्य दक्षिणेला १८-२० अंशांवर असतो. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे उत्तरेला तेवढ्याच अंशांच्या जवळपास. म्हणून त्या दिवसांतला पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो. फक्त खिद्रापुरातच नाही, माझ्या शिवाजी पेठेतल्या गच्चीवर पण. चंद्राची कक्षा पाचेक अंशांनी कललेली असते, त्यामुळं दरवर्षी तो अगदी मध्यावर येईलच असं नाही. पण मंडप काही फार उंच नाही, दोन-चार अंशांच्या फरकानं चांदण्याचा गोल थोडासाच सरकतो.

आता मला सांगा, हे कळल्यावर मजा कमी झाली का? माझी वाढली. कारण आभाळात जे असंही घडतंय ते दिसावं म्हणून कुणीतरी नेमक्या जागी भोक ठेवलं. आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात, तेव्हा आपण श्वास रोखून बघतोच ना? आणि ज्यांना गर्दी नको त्यांच्यासाठी एक युक्ती: मेच्या पहिल्या आठवड्यात, शून्य सावलीच्या दिवशी, भर दुपारी जा. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. चांदण्याच्या जागी उन्हाचा गोल मिळेल. पाण्याची बाटली न्या आणि अनवाणी त्या दगडावर उभं राहायचा शहाणपणा करू नका. मी फेब्रुवारीत केला, तेवढ्यानंच पुरे झालं.

पुढं सभामंडप, जाळीदार गवाक्षांतून झिरपणारा उजेड, मग अंतराळ, मग गाभारा. बाहेरून चक्कर मारली तर तळाला हत्तींची रांग, गजपट्ट. नव्वदीच्या घरात हत्ती, अख्खं देऊळ पाठीवर घेतल्यासारखे, आणि त्यांच्यावर देव बसलेले. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात. किलपेकला प्राणी छपराखाली लटकतात, इथं ते पायाखाली उभे राहून ओझं वाहतात. मला दोन्हीकडं एकच वाटलं, की राजानं आणि पुरोहितानं आतलं ठरवलं असेल, पण बाहेरच्या कडेला पाथरवट मोकळा सुटला होता.

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. एक कोपेश्वर, म्हणजे शिव. दुसरा धोपेश्वर, तो विष्णू. कथा अशी की दक्षाच्या यज्ञात सतीनं देह टाकला, शिव कोपला, आणि त्याला शांत करायला विष्णू इथं आला. कोपलेला देव म्हणून कोपेश्वर. आणि देवळात शिव आहे पण नंदी नाही! कारण सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, तो परत आलाच नाही. मग नंदी कुठं आहे? नदीपलीकडं यडूरला. कर्नाटकात. शिव महाराष्ट्रात, नंदी कर्नाटकात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी हे दोघं एकाच मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि देव नि त्याचं वाहन यांच्यामध्ये सरकारी रेघ आली.

इथपर्यंत मी मजेत होतो. यडूरचं नाव ऐकलं आणि गप्प झालो.

माझी आज्जी यडूरच्या बाजूची. तिचं माहेर चिकोडी तालुक्यातलं एक खेडं. लग्न होऊन शिवाजी पेठेत आली तेव्हा तिला मराठी तुटकं यायचं. घरात सासू, जावा, शेजारणी, सगळ्या मराठी. ती हळूहळू बदलली. मी लहान असताना ती फक्त दोन वेळा कन्नड बोलायची: कुणी माहेरचं आलं की, आणि भांडी घासताना स्वतःशीच. आम्ही पोरं तिला चिडवायचो. "आज्जी, यंडूगुंडू बोल की!" ती हसायची. मला वाटायचं तिला पण मजा येतेय. नंतर तर तिनं भांडी घासतानाही बोलणं सोडलं. माहेरचा भाऊ आला की त्याच्याशी मराठीतच बोलायची, तो कन्नडमध्ये उत्तर द्यायचा. कॉलेजात असताना सीमाप्रश्नाच्या मोर्चात घोषणा देऊन मी घरी यायचो, घसा बसलेला, तर ही हळदीचं दूध द्यायची. एक शब्द बोलायची नाही. सीमाप्रश्नावर माझं मत काय, हा आजचा विषय नाही. ते दूध हा विषय आहे.

ती जाऊन आता सहा वर्षं झाली.

तर देवळात काय झालं ऐका. मी तो सिंघणाचा देवनागरी लेख शोधून काढला. अक्षरं जुनी, पण थोडी थोडी लागतात. भारी वाटलं. मग तिथल्या एका काकांनी सांगितलं, "ह्यो एकच तुमच्या वाचायचा. बाकीचे सगळे कानडी." देवळात डझनभर शिलालेख आहेत, काही झिजलेले, काही बरे. आणि तो एक सोडला तर बाकी सगळे जुन्या कन्नडमध्ये. हळेगन्नड म्हणतात तिला.

का? कारण शिलाहार हे बराच काळ कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते, आणि त्या काळी आपल्या भागात राजाचा, देवळाचा, व्यापाऱ्याचा लेख लिहायचा तर कन्नडमध्ये किंवा संस्कृतमध्ये. खुद्द कोल्हापूर शहरातलंच उदाहरण घ्या. शुक्रवार पेठेजवळचा ११३५ चा लेख, गंडरादित्याच्या काळातला. त्याचा सामंत निंबदेव यानं रूपनारायण जिनालय बांधलं, त्याला व्यापाऱ्यांनी मालावरची पट्टी लावून दिली, त्याची ही नोंद. कुठल्या लिपीत? कन्नड. म्हणजे आमच्या पेठेपासून चालत जायच्या अंतरावर, कोल्हापूरचा बाजार कन्नडमध्ये हिशेब कोरत होता.

आणि तो गंडरादित्य राजा कसला? मिरजेजवळ त्यानं गंडसमुद्र नावाचा तलाव खोदला, आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि अर्हत, तिघांची प्रतिष्ठापना केली. ताम्रपटात तसं लिहिलंय. खिद्रापुरातच कोपेश्वरापासून थोड्याच अंतरावर त्याच काळातलं आदिनाथाचं जैन मंदिर आहे, ते न बघता बरेच जण परत फिरतात. फिरू नका.

माझा एक सवाल सरांना होता, की निदान सिंघणाचा लेख तरी सगळा "आपला" ना? संस्कृत, देवनागरी, देवगिरीचा यादव. सर फोनवर हसले. म्हणाले, "त्यातलं दान दिलेलं गाव कोणतं? कूडलदामवाड. कूडल म्हणजे कन्नडमध्ये संगम. कूडलसंगम ऐकलंयस ना, बसवेश्वरांचं? तेच कूडल." म्हणजे जो एक लेख मला वाचता येत होता, त्यातही आज्जी बसलेली होती.

सरांनी किलपेक का बघायला लावलं ते मला तेव्हा कळलं. ते चर्चसुद्धा असंच काठावरचं. त्या भागात राज्य इंग्लंडच्या नॉर्मन सरदारांचं, आणि आसपासच्या लोकांची बोली वेल्श. त्या चर्चच्या दक्षिण दारावर वळवळणारे सर्प आणि वेली कोरल्यात, त्यात अभ्यासकांना नॉर्मन, केल्टिक, उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांची, अशी सगळी वळणं एकत्र दिसतात. काठावरच्या कारागिराला दोन्हीकडची कामं मिळतात, तो दोन्हीकडचं शिकतो.

एक गोष्ट राहिली. २०१९ चा पूर तुम्हाला आठवतच असेल. पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर, हायवे बंद, पेठेत दुधाला रांगा. शिरोळ तालुका तर पाण्यातच होता, खिद्रापुरात देवळात पाणी शिरलं. मी त्या काकांना विचारलं, देवळाचं काय झालं? ते म्हणाले, "काय हुतंय त्याला? गाळ आला, आमी धुतला." मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्या घराच्या भिंती गेल्या. देवळाची एक चीप हलली न्हाई." हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता का राग, ते मला ओळखता आलं नाही. देवळाला संरक्षण आहे, त्याच्या सावलीतल्या घरांना तसलं काही नाही. आणि जवळ काही बांधायचं म्हटलं तर स्मारकाच्या नियमांमुळं परवानगी काढावी लागते. आपण स्वर्गमंडपात फोटो काढून जातो, ही माणसं तिथंच राहतात. चहा त्यांच्याकडं घ्या, निदान तेवढं करा.

निघताना मी एका कन्नड लेखाचा फोटो काढला. फ्लॅश न मारता, तिरक्या उन्हात. अक्षरं गोल गोल, जिलबीसारखी, आम्ही लहानपणी म्हणायचो तशी. घरी येऊन फॅमिली ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "कुणाला वाचता येतंय का?" आत्यानं हात जोडलेला इमोजी टाकला. काकांनी गुड नाइट. रात्री अकराला बाबा माझ्या खोलीत आले. आमचे बाबा म्हणजे तालमीतले, बोलायचं काम नाही. मोबाईल मागून घेतला, फोटो मोठा केला, चष्मा वर केला.

"जुनं आहे. सगळं लागत नाही," म्हणाले. मग बोट ठेवून, "हे 'र'. हे 'व' असावं."

मी बघतच राहिलो. "बाबा, तुम्हाला कन्नड येतं?"

"अक्षरं येतात. आईनं शिकवलेली. दुपारची, सगळे झोपले की. पाटीवर."

"मग कधी बोलला नाही ते?"

"कुणाशी बोलू?" म्हणाले, आणि झोपायला गेले.

मागच्या भागाचं वर्णन मी दुरुस्त केलंय: शके ११३६, म्हणजे इसवी सन १२१३-१४, आणि हेमाडपंती हा शब्द काढलाय. सरांना लिंक पाठवलीय. खिद्रापूरला जाणार असाल तर कृष्णेचं पाणी बघून जा, जुलै-ऑगस्टमध्ये विचारल्याशिवाय निघू नका. बाबांनी गेल्या आठवड्यात बाजारातून एक पाटी आणलीय. 'अ'ला आम्ही दोन दिवस घेतले, आता 'क'वर आहोत. पुढच्या वेळी यडूरला जाऊन नंदी बघायचा विचार आहे, बाबा पण येतो म्हणालेत. तेव्हा भेटू.